पाटी पुसा, यंत्र राखा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार काढून घेतला. पुढची विंडोज ११ रीतसर बसवावयाची तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर असावा लागतो. परिणामी, आदल्या दिवसापर्यंत विनातक्रार राबणारी असंख्य यंत्रे दुसऱ्या दिवशी कालबाह्य ठरली. त्यांतला एकही भाग झिजलेला नव्हता. यंत्राचे आयुष्य किती, हे यंत्र वापरणाऱ्याने ठरवावयाचे की ते विकणाऱ्याने, हा प्रश्न म्हणूनच आज विचारणे भाग आहे.

या देशातील समाजवाद्यांना हा प्रश्न अपरिचित नाही. परदेशांत वापरून झालेली यंत्रे येथे आणावयाची, त्यांची डागडुजी करावयाची आणि ती भाड्याने द्यावयाची, असा आयबीएम कंपनीचा येथील व्यवहार होता. यंत्र जुने, भाडे चालू आणि हुकमत कायम कंपनीची! १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परकीय भांडवलाचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणावयास तिने नकार दिला. जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस आपल्या भूमिकेवर ठाम राहिले आणि १९७८ साली कंपनीने येथील गाशा गुंडाळला. तिच्या मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने पत्करली आणि भारतीय तंत्रज्ञांनी ती चालती ठेवली. जुने यंत्र मुळात हीन नसते. ते कोणाच्या ताब्यात आहे यावर सारे अवलंबून असते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

परंतु ताबा म्हटला की जबाबदारीही आली. जुन्या संगणकातील हार्ड डिस्कवर आधीच्या वापरणाऱ्यांची माहिती असते. फाईल 'डिलीट' केल्याने ती जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पाने तशीच राहावीत, तसा तो प्रकार आहे. घाईने केलेल्या फॉरमॅटचीही गत तीच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या अवघ्या १२! उरलेल्यांत हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक आणि लोकांची खासगी पत्रे सापडली.

आपल्याकडे काय असेल याची कल्पना करणे कठीण नाही. पतपेढीच्या डिस्कवर कर्जदारांची नावे असतात, दवाखान्याच्या डिस्कवर रुग्णांचे आजार. ज्या कामगाराने मालकाच्या नकळत संघटनेची पावती फाडली, त्याचे नाव संघटनेच्या डिस्कवर असते. ती डिस्क न पुसता जुन्या बाजारात गेली, तर त्या कामगाराची नोकरी कोणाच्या हाती गेली?

यावर अनेक कार्यालये डिस्कला भोक पाडणे हाच उपाय मानतात. पीटर गुटमन यांनी १९९६ च्या निबंधात त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कसाठी ३५ वेळा पुनर्लेखनाची योजना मांडली होती. तिचा पुढे सरसकट मंत्र झाला आणि पुसण्यावरचा विश्वासच उडाला. वस्तुतः अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार, चुंबकीय डिस्कवर आरंभापासून अखेरपर्यंत एकदा शून्ये लिहिली की सामान्यतः प्रयोगशाळेतील साधनांनाही जुना मजकूर हाती लागत नाही.

हे काम कोणत्याही शाखेतील तरुण कार्यकर्त्याला शिकता येईल. जी डिस्क पुसावयाची तेवढीच संगणकाला जोडावी, म्हणजे भलतीच पुसली जाणार नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डिस्कची प्रकृती तपासावी. खराब सेक्टर वाढत असतील तर ती पुन्हा वापरात घेऊ नये. मग संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहावीत आणि ती वाचून खात्री करावी. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. संगणक बराच जुना असेल तर जोडणी आयडीई आहे की साटा, हे आधी पाहावे. अशा काही यंत्रांना १३७ जीबीपलीकडची जागा ओळखताच येत नाही. चिपांवर चालणाऱ्या एसएसडीला मात्र हा उपाय पुरत नाही. तिच्यासाठी तिच्यातच असलेली मिटविण्याची आज्ञा वापरावी. जी डिस्क बिघडल्यामुळे पुसताच येत नाही, ती फोडावीच. आणि पुसण्यापूर्वी आत डोकावू नये, हे वेगळे सांगावयास नको.

राखता येणारे यंत्र टाकून दिले की त्याचे काय होते? दिल्लीतील सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादमध्ये तांब्यासाठी तारा आणि सर्किट जाळणारे, आम्लात हात घालणारे मजूर ते मोडतात. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद २२.३ टक्क्यांचीच आहे. नफा वरच्या टोकाला जमा होतो आणि विष खालच्या टोकाला उतरते.

गरिबांच्या मुलांनी मग टाकाऊ यंत्रांवरच समाधान मानावयाचे काय, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. जुन्या यंत्रांचे दान दाखवून सरकारला शाळांच्या खर्चातून अंग काढून घेता येणार नाही. परंतु यंत्र नवे असो वा जुने, त्यावरील प्रणाली मुक्त हवी, हा आग्रह सोडण्याचे कारण नाही. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवर संगणक शिक्षण चालवून दाखविले आहे.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा कागदावर आहेत. त्यांना बळ द्यावयाचे तर महापालिका, जिल्हा परिषदा आणि सहकारी संस्था यांच्याकडे दोन मागण्या नेटाने मांडल्या पाहिजेत: डिस्क पुसल्याच्या लेखी नोंदीवाचून एकही संगणक लिलावात जाऊ नये, आणि चालू यंत्रांवर पहिला हक्क वाचनालयांचा, शाळांचा व श्रमिक संघटनांचा असावा. या मागण्या घेऊन जाण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी आपल्या शाखेचे कपाट उघडावे. तेथे पडून असलेल्या डिस्कवर आपल्याच सभासदांची नावे आहेत. ती पुसण्याचे काम या आठवड्यातच व्हावयास हवे.