रूळ बदलले, तरी डबा धावला पाहिजे



घरातील वडीलधाऱ्यांना कुर्डुवाडीची गोष्ट विचारा. १८९७ साली तेथून बार्शीकडे बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली; पुढे ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातील येडशी, ढोकीवरून लातूरला पोहोचली. तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुंबई-सोलापूर मार्गाचे १६७६! त्यामुळे लातूरकडचा माल कुर्डुवाडीला उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. माल तोच, पण डब्याला पुढचे रूळ चालत नसत.

संगणकाचेही असेच आहे. पायथन ही भाषा घ्या. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राकडून करवून घेणारा एक दुभाष्या असतो. तोही एक प्रोग्रॅमच, मुख्यतः सी भाषेत लिहिलेला. फाइल उघडणे, स्मृतीत जागा मिळवणे, अशा कामांसाठी तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी करतो. ही मागणी करण्याची रीत विंडोजमध्ये एक, लिनक्समध्ये दुसरी, मोबाइलमधील अँड्रॉइडमध्येही काही बाबतींत निराळी. म्हणून एकीकडचा दुभाष्या दुसरीकडे जसाच्या तसा चालत नाही. त्याला नव्या ठिकाणी चालता करणे म्हणजे पोर्टिंग. त्यासाठी सगळा डबा नव्याने बांधायचा नसतो. चाके बदलायची आणि मग कसून चाचण्या घ्यायच्या.

मात्र डब्याचा आराखडा हाती हवा. पायथन मुक्तस्रोत आहे. तिचा आराखडा कोणालाही पाहता येतो, बदलताही येतो. म्हणूनच २०१२ च्या सुमारास आयआयटी मुंबईतील गटाला स्वस्त 'आकाश' टॅब्लेटवर सी, पायथन आणि सायलॅब चालवता आले. त्यांनी अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सची मांडणी बसवली. जणू छोटा डबा मोठ्या डब्यावर चढवून नेला. पुढे २०२४ मध्ये पायथनच्या ३.१३ या आवृत्तीपासून अँड्रॉइडला अधिकृत आधार मिळाला. आता खुद्द चाकेच बदलली!

याचे आपल्याला काय? खेड्यातील अनेक घरांत संगणक नाही, पण मोबाइल आहे. अशा मुलाला "आधी संगणक आण, मग प्रोग्रॅम लिही" असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. मुलाने यंत्रामागे धावण्यापेक्षा भाषेनेच त्याच्या हातातील यंत्रावर यावे. शाळांना संगणक मिळालेच पाहिजेत, यात शंका नाही; छोट्या पडद्यावर लिहिणे त्रासाचेही आहे. पण तोवर शिकणे का थांबावे?

शिक्षकांना एक विनंती. एकच छोटा प्रोग्रॅम विंडोजवर आणि मोबाइलवर चालवून पाहायला सांगा. फाइलचा पत्ता लिहिताना विंडोज उलटी तिरपी रेघ वापरते, अँड्रॉइड सुलटी. एवढ्यानेही प्रोग्रॅम अडतो. तो कोठे अडला, का अडला, हे वहीत टिपून घ्या. नवी भाषा घडवणाऱ्याचे नाव होते, पोर्टिंग करणाऱ्याचे सहसा होत नाही. पण त्याच्यामुळेच ती भाषा गावापर्यंत पोहोचते. उद्या हे काम करणारा तुमच्यातलाच कोणी का नसावा?