सुट्टीचं कारण: झोका

आमच्या हापिसाच्या सुट्टीच्या पोर्टलवर 'कारण' नावाचा एक रकाना आहे. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. 2025 ची नागपंचमी 29 जुलैला, मंगळवारी आली होती. सोमवार-मंगळवार अशी सुट्टी टाकायला बसलो आणि नेमका त्या रकान्यापाशी अडकलो. खरं कारण एका शब्दाचं होतं, झोका. पण असं कोण लिहितं राव? शेवटी 'घरगुती कार्यक्रम' असं टाकलं आणि सबमिट मारलं. ताप चालतो, लग्न चालतं, बारसं चालतं, फ्लॅटचं रजिस्ट्रेशन तर पळतं. खेळायला जायचंय हे मात्र अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याने सांगायचं म्हणजे... असो.

माझं गाव ईट. तालुका भूम, जिल्हा धाराशिव. (आमच्या भूमकडचा खवा तुम्ही कधी ना कधी पेढ्यातून खाल्लेला असणार, फक्त गाव ठाऊक नसणार.) आमच्याकडे पंचमी म्हणजे नुसती वारुळाची पूजा नव्हे. लेकी माहेरी येतात. लिंबाला नाहीतर चिंचेला दोर टांगून झोके बांधतात, बायका फेर धरतात, फुगड्या घालतात. चाळिशी-पन्नाशीच्या बायका बरं का, लहान पोरी नव्हेत. एरवी ज्या बाईला मी दारात निवांत उभी राहिलेली पाहिली नाही, ती शेजारणीसमोर झोक्यावर उभी राहून, गुडघे वाकवत वाकवत झोका पार फांदीपर्यंत चढवते. खाली पोरं ओरडत असतात आणि म्हातारी माणसं 'पडचाल गं' म्हणत असतात.

माझ्या इंजिनिअर डोक्याला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती पंचमीचे नियम. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून तर पुरणाची दिंडं उकडून करतात. शेतात नांगर घालायचा नाही, जमीन खणायची नाही. नागाला इजा होऊ नये म्हणून, असं सांगतात. असेलही. पण परिणाम बघा ना. कामावरच बंदी आली! झोक्यावर चढलेल्या बाईला 'कामं टाकून खेळत बसलीस' असं कुणी म्हणू शकत नाही, कारण तिनं काम करणं हाच त्या दिवशी नियमभंग आहे. खेळायला वेळ 'काढावा' लागत नाही. कामाचाच वेळ काढून घेतलेला असतो.

थोडं वर्षाच्या टोकाला गेलं की वेळा अमावस्या, म्हणजे येळवस. लातूर-धाराशिवकडचा सण, मार्गशीर्षातला. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात, कडब्याची कोप उभी करतात, भज्जी-आंबील पोटभर खातात आणि दुपारभर तिथंच लोळतात. बाजारपेठ ओस पडते. कुणी दुकान उघडं ठेवलंच तरी गिऱ्हाईक कुठून आणणार?

आता लगेच 'गेले ते दिवस' वगैरे सुरू करू नका. म्हशीला पंचमी कळत नाही. धार काढावीच लागते, दूध खव्याच्या भट्टीवर पोचवावंच लागतं आणि ते काम त्याच बायकांच्या वाट्याला येतं. जिला माहेरी न्यायला कुणी आलं नाही, ती सून दुसऱ्यांच्या लेकींचे झोके बघायची. आणि हे सगळं वर्षातून चार-पाच दिवस. माझे वडील तर तेही खेळले नाहीत. पारावर पत्ते कुटणाऱ्यांना ते अजून 'रिकामटेकडे' म्हणतात. त्यामुळे जुनं ते सोनं असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझं म्हणणं फक्त त्या बंदीबद्दल आहे.

कारण आपल्या शहरी सुट्टीमागेही अशीच एक बंदी आहे, आपण विसरलोय इतकंच. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो 10 जून 1890 ला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि सुट्टीसाठी वर्षानुवर्षं मालकांशी भांडले. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता म्हणतात. मला तो फार हुशारीचा वाटतो. 'आम्ही थकतो' यावर मालक म्हणेल, मग थोडं कमी थका. खंडोबाशी वाद कोण घालणार?

आणि आपण? 2023 मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा 90 वर नेला, रविवारसकट. आपण सगळ्यांनी मीम्स फॉरवर्ड केले, खूप हसलो आणि त्या रविवारी दुपारी 'जरा पाच मिनिटं' म्हणून लॅपटॉप उघडला. खोटं बोलू नका, मीपण उघडला.

आपण खेळत नाही असं नाही. आमचा कंपू टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळतो. तासाला हजार-बाराशे रुपये, आठवडाभर आधी बुकिंग, व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल, त्यात तिघांचं 'मेबी'. साठाव्या मिनिटाला पुढची टीम गेटवर उभी. एकाच्या घड्याळात कॅलरी मोजणं चालू, दुसरा नॉन-स्ट्रायकर एंडला कॉलवर. योहान हायझिंगा नावाच्या डच इतिहासकाराने 1938 मध्ये 'होमो लुडेन्स' हे खेळावरचं अख्खं पुस्तक लिहिलं. खेळ रोजच्या जगण्याबाहेर असतो, त्याला स्वतःची जागा आणि स्वतःचा वेळ असतो, असं त्याचं म्हणणं. जागा आमच्याकडे आहे, चक्क जाळी लावलेली आहे. वेळेला जाळी नाही. तिथून कामाचे बॉल सारखे आत येतात.

तर 29 जुलैला काय झालं ते सांगतो. सोमवारी जामखेड-खर्डा करत गावी पोचलो. मंगळवारी दुपारी आमच्या मागच्या लिंबाला झोका बांधला. आईचं वय चोपन्न. 'आता कुठं रे बाबा माझं झोक्याचं वय' असं तीन वेळा म्हणून झालं, मग मावशीनं हाताला धरून ओढली आणि चढली की ती! आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. सुट्टीवर होतो, पण 'फक्त एक शंका' होती. घराच्या पुढच्या बाजूला रेंज चांगली येते म्हणून तिकडं गेलो. एक शंका चाळीस मिनिटं चालली. मागून हसण्याचा आवाज येत होता, एकदा कुणीतरी जोरात किंचाळलं, मी म्यूट दाबलं.

परत गेलो तेव्हा आई पायरीवर बसून पाणी पीत होती. केस सुटलेले, चेहरा लालबुंद. म्हणाली, 'झालं का तुझं काम?' बहिणीनं व्हिडिओ काढलाय, सव्वा मिनिटाचा. मी तो पुण्यात येऊन इतक्यांदा पाहिलाय की त्यात मागून माझा 'येस, येस, अवाज कट होतोय' असा बारीक आवाज येतो हेसुद्धा मला पाठ झालंय.

मला कुणी मारून-मुटकून फोन घ्यायला लावला नव्हता. नाही घेतला असता तर जग बुडालं नसतं, दुसऱ्या दिवशी कळलंच की ते. म्हणून मला वाटतं, 'स्वतःसाठी वेळ काढा' हा सल्ला कुचकामी आहे. काढलेला वेळ परत मागता येतो. तवा ठेवायचाच नाही, असं काहीतरी लागतं. आणि ते एकट्यानं पाळता येत नाही. गावात सगळ्यांच्याच चुलीवर तवा नसतो, म्हणून जमतं.

सध्या आम्ही सहा जणांनी गुरुवारी रात्री आठ ते दहा कॅरम ठेवलाय. फोन दाराबाहेर, चपलांच्या रॅकवर. जो उठून बघायला जाईल त्याची क्वीन बोर्डवर परत. पहिल्या दोन गुरुवारी मीच तीनदा उठलो. तिसऱ्या गुरुवारी एकदा. परवा कुणीच उठलं नाही, पण त्याचं कारण पावडर नवी होती आणि स्ट्रायकर जाम पळत होता, हेही असू शकतं.

पुढच्या पंचमीची सुट्टी आत्ताच टाकून ठेवलीये. कारणाच्या रकान्यात यावेळी दोन अक्षरं लिहिली. मॅनेजर साताऱ्याचा आहे. त्यानं अप्रूव्ह केली आणि खाली विचारलं, 'दोर कितीचा घेतोस, सुती की नायलॉन?'