आजीला वाचून दाखवा

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. कुणी भिंतीला टेकून बसलेले, कुणाच्या मांडीवर पोर झोपलेले. ज्या मायमाउलींना अक्षराची ओळख नाही, त्यांनाही सिद्धार्थाने घर का सोडले हे नीट सांगता येते ते या ऐकण्यामुळेच. वाचन म्हणजे एकट्याने कोपऱ्यात बसून करायचे काम, असे आपल्या समाजाने कधी मानले नाही. शाळेत गेलेल्या पोराने पत्र वाचायचे, वर्तमानपत्र वाचायचे आणि सगळ्या आळीने ऐकायचे, हीच आपली रीत.

पण वर्षावास संपला की ही रीतही गुंडाळून ठेवली जाते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरून आपण पोटाला चिमटा घेऊन पुस्तके आणतो. शोकेसमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली ती ओळीने उभी राहतात. पाहुणे आले की दिसतात. उघडली मात्र क्वचितच जातात.

यंदा वर्षावास संपल्यावर आमच्या घरी रात्रीची जेवणे झाली की अर्धा तास मोठ्याने वाचायचे असे ठरवले. त्यासाठी निवडली ती आपल्याच बायांनी लिहिलेली पुस्तके. पहिले घेतले बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’.

बेबीताईंचा जन्म १९२९ चा. बालपण पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात, आजोळी गेले. पुढे फलटणला त्यांचे छोटेसे किराणा दुकान होते. पुड्या बांधायला जी रद्दी येई, ती वर्तमानपत्रे त्या वाचून काढीत. त्यातून वाचनाचा नाद लागला आणि वाचनातून लिहिण्याचा. लिहिलेले कागद मात्र त्यांनी घरच्यांच्या नजरेआड ठेवले, आणि तेही एक-दोन नव्हे, वीस वर्षे! १९८२ मध्ये हे लेखन ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तक निघाले. पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. २०१२ मध्ये बेबीताई गेल्या.

पुस्तकाचे नाव बघा. ‘जिणं माझं’ नाही, ‘जिणं आमुचं’. महारवाड्यातला आषाढ, पोतराज, अंगात येणाऱ्या बाया, बाळंतिणीची उपासमार, हे सगळे त्यांनी जसे पाहिले तसे मांडले आहे. काही झाकलेले नाही. आणि सर्वांत जड जाते ते सुनांचे प्रकरण. आठ-नऊ वर्षांची सून. मध्यरात्र उलटली की उठून जात्यावर बसायचे, मग टोपलीभर भाकरी थापायच्या. भाकरी बिघडली तर सासू शेजारणींना बोलावून तिचे प्रदर्शन मांडणार. सून छळाला कंटाळून माहेरी पळाली, तर तिला धरून आणायचे आणि पायात लाकडाचा खोडा अडकवायचा. काहींची तर नाके कापली जात.

ही पाने वाचत होते तेव्हा यजमान म्हणाले, “पोरांसमोर हे कशाला? पुढचं वाच ना, बाबासाहेबांचं भाषण येतं ते.” असे अनेकांना वाटते. सवर्णांनी केलेला अन्याय पोरांना जरूर सांगावा, पण आपल्याच घरातला सांगू नये, दुसरे लोक हसतात. मी वाचत राहिले. नववीतला मुलगा आजीकडे वळून म्हणाला, “आजी, हे खरंय का गं?”

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “खोडा म्या बघितला न्हाई. पर खोडा बघितलेल्या बाया बघितल्यात.”

त्या रात्री एवढेच. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता त्या आपणहून बोलू लागल्या. त्यांच्या पहिल्या भाकरी त्यांच्या सासूने टोपल्यातून काढून कुत्र्यापुढे टाकल्या होत्या. लग्नाला पन्नासच्या वर वर्षे झाली, ही गोष्ट त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हती. सांगून झाल्यावर त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आन् म्या तरी तुला सुरवातीला काय कमी बोलले?” मी काही उत्तर दिले नाही, तेव्हा त्याची गरजही नव्हती. पण बावीस वर्षांत आमच्या दोघींत जे बोलणे झाले नव्हते, ते त्या पुस्तकामुळे झाले.

बेबीताईंनी या छळाचे कारणही सांगितले आहे. ज्यांना वरच्यांनी गुलाम करून ठेवले, त्यांनाही हुकूम चालवायला कुणीतरी हवे होते, आणि त्यांच्या हाती सापडली ती सून. हा विचार प्रत्येक घरात पोहोचला पाहिजे. आणखी एक गोष्ट. नवऱ्याच्या हातचा मार बेबीताईंनी स्वतःही सोसला होता. तो त्यांनी पुस्तकात लिहिला नाही, पुढे एका मुलाखतीत सांगितला. इतके धीटपणे लिहिणाऱ्या बाईलाही जे लिहिता आले नाही, ते आपल्या घरच्या बायांच्या पोटात किती साठले असेल!

दुसरे पुस्तक शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. नावातच घरची बोली आहे. ‘माझ्या जन्माची’ असे शुद्ध करून घ्यायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. १९२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या महूदला जन्मलेली ही मुलगी शिकली, मास्तरीण झाली, आणि निवृत्त झाल्यावर लिहायला बसली. हेही पुस्तक १९८६ चेच. पुढे त्यावर मुंबई दूरदर्शनने ‘नाजुका’ नावाची मालिका दाखवली, ती घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पँथर कवी अरुण कांबळे हे त्यांचे चिरंजीव. शांताबाई २०२३ मध्ये गेल्या.

शांताबाईंच्या नवऱ्याने दुसरी बायको केली. तेव्हा नोकरी करणारी ही बाई काय सोसते आणि काय ठरवते, ते मुलींना मुद्दाम वाचून दाखवावे. पगार हातात असला म्हणून दुःख टळत नाही, पण पायाखाली जमीन राहते. २० जुलै १९४२ ला नागपूरला आपल्या महिलांची जी मोठी परिषद झाली, तिला सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या परिषदेत बायकांना घटस्फोटाचा हक्क असावा आणि एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी, अशी मागणी झाली होती. हा ठराव आणि शांताबाईंची कहाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली की कळते, ते ठराव नुसते कागदावरचे नव्हते. प्रत्येक ठरावामागे घराघरातल्या बाया उभ्या होत्या.

तिसरे पुस्तक उर्मिला पवार यांचे ‘आयदान’, २००३ साली आलेले. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या फणसवळे गावची ही मुलगी. वडील शिक्षक, ते लवकर गेले. आई टोपल्या विणून पोरांना वाढवते, शिकवते. आमच्या सासूबाईंना हे पुस्तक सर्वांत जवळचे वाटले. बांबूची बोटात घुसणारी शिळक काय असते, ते त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र मुंबईतला आहे : सरकारी नोकरी, संसार, चळवळ आणि एम.ए.चा अभ्यास. बायको शिकते, लिहिते, सभेला जाते, याचा चळवळीतल्या माणसांनाही कसा जाच वाटतो, ते त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. ते वाचताना आमच्या यजमानांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ऐकले की नाही ते त्यांनी सांगितले नाही, पण उठूनही गेले नाहीत.

याच उर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये केले. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याच तोंडून ऐकून ते लिहिले गेले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांपुढे वेगळे भाषण केले, लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा आणि अंगावरचे जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्यायला सांगितले. ऐकणाऱ्या बाया घरी गेल्या आणि पिढ्यान् पिढ्यांची सवय त्यांनी मोडून दाखवली. त्या बायांची नावे टिकली ती कुणीतरी वेळेवर जाऊन विचारले म्हणून. आज त्या पिढीतले कुणी विचारायला उरलेले नाही.

म्हणून सांगावेसे वाटते, घरात म्हातारे माणूस असेल तर ही पुस्तके त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पोरांना पोरांचे आणि म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांचे, अशी वाटणी करू नका. एकत्र बसा. रोज चार-पाच पाने पुरेत. वाचता वाचता आजी मध्येच बोलली तर पुस्तक मिटून ठेवा, तिचे ऐका. “आमच्याकडं असं नव्हतं” असे ती म्हणाली, तर “मग कसं होतं?” एवढेच विचारा. सांगत असताना मधे बोलू नका. जमल्यास मुलीच्या हाती एक वही द्या. नाव, गाव, साल, जे आठवेल ते तिने टिपावे. मोबाईलवर आवाज भरून ठेवता येतो, तोही ठेवा, पण वही असू द्या. मोबाईल बिघडतो, बदलतो.

पुस्तके विकत घेणे जमत नसेल तर विहारातल्या वाचनालयात विचारा. वाचनालय नसेल तर चार घरांनी मिळून एकेक प्रत घ्यावी आणि फिरवावी. राजगृह ज्यांनी ग्रंथांसाठी बांधले, त्यांची आपण लेकरे. आपल्या दोन खोल्यांत चार पुस्तके तरी हात लागून मऊ झालेली असावीत.

सासूबाईंची वही सध्या अकराव्या पानावर आहे. लिहिण्याचे काम नातीकडे आहे. परवा तिने एक शब्द शुद्ध करून लिहिला, तो आजीने ऐकला आणि पुन्हा खोडायला लावला. तुमच्या घरी काय वाचले, कुणी काय सांगितले, ते जरूर कळवा. पुढच्या खेपेला दया पवारांचे ‘बलुतं’ घेऊ.

जयभीम.