वारसा आणि त्याचा हिशेब

विलायतेहून परत आलेल्या पाहुण्याकडून चहाच्या पहिल्या पेल्याबरोबर एक व्याख्यान हटकून ऐकावे लागते. "साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या बसगाड्या त्या लोकांनी अजून कशा लखलखीत ठेवल्या आहेत! व्हिक्टोरिया राणीच्या काळची चर्चमधील रंगीत काचचित्रे कशी जशीच्या तशी आहेत! नाहीतर आपण!" यापुढे आपल्या गडकिल्ल्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांचा उद्धार होतो आणि सभा बरखास्त होते. हे व्याख्यान आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. खरे सांगावयाचे तर एके काळी स्वतः दिलेही आहे. म्हणूनच त्यातील दोन चुका उघड करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

पहिली चूक अशी की, जुने जपणे हा इंग्रजांचा उपजत स्वभाव आहे, ही समजूत. इतिहास तिच्या बाजूने साक्ष देत नाही. व्हिक्टोरियाच्या अमदानीत जीर्णोद्धाराच्या नावाखाली मध्ययुगीन चर्चे इतकी खरवडली गेली की, १८७७ साली विल्यम मॉरिस यास त्याविरुद्ध लेखणी उचलून प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्थाच काढावी लागली. त्याच्या रोषास कारण झालेले सर गिल्बर्ट स्कॉट म्हणजे आमच्या मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे गृहस्थ! मॉरिसचा स्वतःचा काचचित्रांचा कारखाना होता. तरीही जुन्या चर्चांत नवी काच बसविण्याची कामे त्याने यापुढे बहुतांशी नाकारली. स्वतःच्या धंद्यास खोट बसवून घेऊन तत्त्व पाळणारा असा मनुष्य विरळा.

पुढे चक्र फिरले. विसाव्या शतकात 'व्हिक्टोरियन' हा शब्दच बेचवपणाचा वाचक ठरला आणि आजोबांनी हौसेने बसविलेली काच नातवांना खुपू लागली. व्हिक्टोरियन कलेची बाजू घेणारी संस्था निघावयास १९५८ साल उजाडले. बंद पडणाऱ्या चर्चांतील काचचित्रे वाचविण्यासाठी १९७२ साली एक संग्रहालय स्थापन झाले; ते १९७९ साली इली येथील कॅथीड्रलात लोकांस खुले झाले. बसगाड्यांची कथा निराळी नाही. आयुष्य संपलेली बस मोडीत जावयाची, हाच तेथील राजरोस नियम होता. लंडनची १९२९ सालची टी-३१ ही बस १९५६ साली मोडीतून वाचली ती सरकारच्या कृपेने नव्हे. काही हौशी मंडळींनी पदरचे पैसे घालून ती विकत घेतली म्हणून. तेव्हा जपले ते राष्ट्राने नव्हे, राष्ट्राने वेड्यात काढलेल्या मूठभर माणसांनी. इंग्रजांच्या 'स्वभावा'चे गोडवे गाऊन आपण स्वतःच्या आळसाला मात्र सोयीची सबब मिळवून देतो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. वस्तू जपली म्हणजे भूतकाळ जपला, असे मानणे ही ती चूक. काचचित्राच्या कारागिरीतीलच एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. काचेचा निळा-तांबडा रंग काच वितळलेली असतानाच तीत धातूंची द्रव्ये मिसळून आणतात. तो शतकानुशतके टिकतो. चेहऱ्याचे नाकडोळे मात्र वरून काळपट रंगाने रेखून भट्टीत भाजावे लागतात. १८६० नंतरच्या काही वर्षांत या रंगात टाकणखार वापरण्याची चाल पडली आणि ओलाव्याने तो रंग पुढे झिजत गेला. अशा चित्रांत झगे आजही झळकतात. चेहरे तेवढे पुसट झाले आहेत. जपलेल्या वारशाचे नेमके हेच होते. रंग राहतो, माणसे जातात.

ब्रिस्टल शहराचेच उदाहरण घेऊ. तेथे बांधली जाणारी 'लोडेका' ही दुमजली बस यंत्ररचनेचा उत्तम नमुना होती. मागील आसाची रचना बदलून तिचा तळ इतका खाली आणला होता की, उंची कमी असूनही दोन्ही मजल्यांवर मधोमध चालण्याची वाट मिळाली. अशा कित्येक गाड्या आज हौशी लोकांनी सांभाळल्या आहेत. परंतु ज्या काळात या गाड्या ब्रिस्टलच्या रस्त्यांवर धावत होत्या, त्याच काळात तेथील बस कंपनी काळ्या व आशियाई माणसांस चालक किंवा कंडक्टर म्हणून घेत नसे, आणि कामगार संघाच्या स्थानिक मंडळींचीही त्यास संमती होती. एप्रिल १९६३ च्या अखेरीस तेथील वेस्ट इंडियन लोकांनी बसवर बहिष्कार जाहीर केला; २८ ऑगस्टला कंपनी नमली; आणि सप्टेंबरात त्या गाड्यांवर पहिला गौरेतर कंडक्टर रुजू झाला तो रघबीर सिंग हा शीख. गाडीचा हिरवा रंग मूळचाच हवा म्हणून काटेकोर राहणाऱ्यांनी ही हकीकतही तितक्याच काटेकोरपणे सांगितली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

त्याच शहरातील सेंट मेरी रेडक्लिफ या चर्चमध्ये एडवर्ड कोल्स्टन याच्या स्मरणार्थ व्हिक्टोरियन काचचित्रे होती. कोल्स्टन १७२१ साली वारला. त्याची संपत्ती काही अंशी गुलामांच्या व्यापारातील होती. पण त्याच्या दानधर्माचे देव्हारे माजविले ते पुढील पिढ्यांनी, आणि पुतळा तर थेट १८९५ साली उभारला. ७ जून २०२० रोजी जमावाने तो पुतळा पाडला आणि त्याच महिन्यात चर्चने चार काचचित्रे उतरविली. त्यांच्या जागी जी नवी चित्रे निवडण्यात आली, त्यांपैकी एकाचा विषय आहे १९६३ चा तोच बस-बहिष्कार!

कोणी म्हणेल, हा वारशाचा विध्वंस झाला. आम्हांस तसे वाटत नाही. जे उतरविले तेही कोणा एका पिढीने निवडूनच बसविले होते. कोणास संत करावयाचे हे त्या पिढीने ठरविले, तसे या पिढीनेही ठरविले. मात्र उतरविलेली काच फोडू नये, ती हकिकतीसह जतन करावी, याबाबत आमचा मॉरिसच्या बाजूने कौल आहे. कारण चूकही पुराव्यासह जपली तरच ती पुन्हा होत नाही.

दुसरा कोणी म्हणेल, रविवारी मुलास जुन्या गाडीत बसवून घंटा वाजवू द्यावी, त्यात एवढा विचार कशाला? त्या आनंदावर आमचा मुळीच राग नाही. मुलाने घंटा अवश्य वाजवावी. ती पूर्वी कोण वाजवीत असे आणि कोणास वाजवू देत नसत, एवढे बापाने त्यास सांगावे.

आता घराकडे वळू. लंडनच्या धर्तीवर मुंबईत १९३७ साली सुरू झालेल्या दुमजली बसगाड्यांपैकी शेवटची डिझेल गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी निघून गेली. त्या दिवशी लोकांनी तिची छायाचित्रे हौसेने घेतली. परंतु त्या गाडीच्या अरुंद जिन्यावर उभे राहून, तिकिटांची पेटी सांभाळीत, पावसाळ्यातील गर्दी आवरणाऱ्या कंडक्टरांच्या आठवणी आपल्यापैकी कितीजणांनी लिहून घेतल्या? ती माणसे आपल्याच वस्तीत, आपल्याच चाळींत राहत आहेत. विलायतेचे गोडवे पुढील खेपेस गावेत. तोवर वाचकांपैकी ज्यांच्या शेजारी असा एखादा निवृत्त कंडक्टर असेल, त्यांनी एक वही घेऊन त्याच्याकडे जावे, एवढीच आमची विनंती आहे.