आभासी वास्तवाची खरी कसोटी

जून २०२२ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानिरो येथे डोक्याने एकमेकांना जोडलेल्या जुळ्या भावांना विलग करण्यात डॉक्टरांना यश आले. त्यासाठी सात शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि सुमारे शंभर वैद्यकीय कर्मचारी राबले. मूळचे श्रीनगरचे आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. नूर उल ओवैस जिलानी यांनी रिओतील सहकाऱ्यांसमवेत या कामाचे नेतृत्व केले. तत्पूर्वी कित्येक महिने दोन्ही शहरांतील डॉक्टर बालकांच्या सीटी आणि एमआरआय प्रतिमांवरून तयार केलेल्या आभासी प्रतिकृतीवर तालीम करीत होते. डोळ्यांवर हेडसेट चढवून दोन खंडांतील शल्यविशारद एकाच आभासी खोलीत उभे राहिले, ही बातमी त्यावेळी जगभर गाजली.

अशा बातम्यांमुळे आभासी वास्तव, अर्थात व्हर्च्युअल रिॲलिटी, हे वैद्यकशास्त्रातील नवे चमत्कारी साधन असल्याचा समज दृढ होतो. तथापि, डोक्याने जोडलेली जुळी हा अत्यंत दुर्मिळ प्रकार. सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभ्या असलेल्या सामान्य रुग्णाच्या पदरात या तंत्रज्ञानातून काय पडणार, हा खरा प्रश्न आहे. गेल्या तीन दशकांतील संशोधन पाहिले असता त्याचे उत्तर मिळते. मात्र ते उपकरणांच्या जाहिरातींतील उत्तरापेक्षा बरेच वेगळे आहे.

भीतीवरील उतारा

वैद्यकीय क्षेत्रातील या तंत्रज्ञानाचा पहिला गंभीर वापर शस्त्रक्रियेसाठी नव्हे, तर मानसोपचारासाठी झाला. अमेरिकेतील बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांच्या चमूने १९९५ मध्ये उंचीची भीती वाटणाऱ्या व्यक्तींवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भयगंडावरील रूढ उपचारात रुग्णाला भीतीच्या प्रसंगाला टप्प्याटप्प्याने सामोरे नेले जाते. येथे खऱ्या गच्चीऐवजी आभासी पूल, सज्जे आणि काचेची लिफ्ट वापरण्यात आली. समोरचे दृश्य खोटे आहे हे रुग्णाला ठाऊक असते, तरीही त्याचे पाय थरथरतात. नेमक्या याच विसंगतीवर उपचार उभा आहे, कारण खोट्या उंचीवर ओसरलेली भीती खऱ्या उंचीवरही बऱ्याच अंशी ओसरते.

याच मार्गावरील अलीकडचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे इंग्लंडमधील 'गेमचेंज' चाचणी. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे प्रा. डॅनियल फ्रीमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या चाचणीत गंभीर मानसिक आजाराचे ३४६ रुग्ण सहभागी होते आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. घराबाहेर पडण्याच्या धास्तीने अनेक वर्षे कोंडून घेतलेल्या अशा रुग्णांना आभासी रस्ता, बस, दुकान आणि दवाखान्याची प्रतीक्षाखोली यांत वावरण्याचा सराव देण्यात आला. त्याचा सर्वाधिक लाभ धास्ती सर्वांत तीव्र असलेल्यांना झाला. मार्गदर्शन करणारा प्रशिक्षक संगणकीय होता, त्यामुळे प्रत्येक सत्राला तज्ज्ञ मानसोपचारक हजर असणे गरजेचे उरले नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात विविध मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. अशा देशासाठी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

जळिताच्या वेदना

दुसरा सिद्ध झालेला उपयोग वेदनाशमनाचा. भाजलेल्या रुग्णाला भाजण्याइतक्याच यातना रोजच्या ड्रेसिंगच्या वेळी भोगाव्या लागतात, हे जळीत कक्षात काम करणारी प्रत्येक परिचारिका जाणते. सिएटल येथील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ पासून या प्रश्नावर काम सुरू केले. त्यातून 'स्नोवर्ल्ड' हा बर्फाळ प्रदेशाचा आभासी खेळ जन्माला आला. जखमा धुतल्या जात असताना रुग्ण बर्फाच्या दरीतून तरंगत हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकत असतो. यामागील तत्त्व साधे आहे. वेदना जाणवण्यासाठी मनाचे अवधान लागते आणि ते अन्यत्र गुंतले, की वेदनेच्या वाट्याला कमी अवधान येते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रांकनातही वेदनेशी निगडित भागांतील हालचाल या वेळी मंदावल्याचे आढळले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यामुळे हा विषय परदेशी कुतूहलाचा मानता येणार नाही. अर्थात, आभासी बर्फ हा वेदनाशामक औषधांना पर्याय नव्हे, ती जोड आहे. शिवाय एकच हेडसेट अनेक रुग्णांच्या चेहऱ्यावर चढणार असेल, तर जंतुसंसर्ग टाळण्याची काटेकोर व्यवस्था जळीत कक्षात अनिवार्य ठरते.

चुका कोणावर करायच्या?

तिसरा आणि सर्वांत दूरगामी उपयोग डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा. शल्यचिकित्सेचे शिक्षण परंपरेने 'पाहा, करा, शिकवा' या पद्धतीने होते. म्हणजेच शिकाऊ डॉक्टरच्या पहिल्या चुका जिवंत रुग्णावर होतात, आणि हा रुग्ण बहुधा सार्वजनिक रुग्णालयातील गरीब असतो. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातून एक छोटा पण पुढे वारंवार उद्धृत झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना नेहमीच्या शिक्षणासोबत आभासी यंत्रावर सराव देण्यात आला. त्यानंतर सर्वांनी दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. कोणी सराव केला आहे हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी चित्रफिती तपासल्या. सराव केलेल्यांनी पित्ताशय विलग करण्याचे काम २९ टक्के जलद उरकले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची वा भलतीच ऊती भाजली जाण्याची शक्यता पाचपट होती.

त्या प्रयोगातील यंत्र आजच्या मानाने अगदीच प्राथमिक होते. डोळ्यांवर हेडसेटही नव्हता, साध्या पडद्यावर भौमितिक आकृत्या हलवायच्या होत्या. यशाचे रहस्य अन्यत्र होते. अनुभवी शल्यविशारदांनी त्याच यंत्रावर आधी आपली पातळी नोंदवली होती आणि ती गाठेपर्यंत निवासी डॉक्टरांचा सराव संपला असे मानले गेले नाही. किती तास सराव केला याला महत्त्व नव्हते, हात किती सुधारला याला होते. थोडक्यात, यंत्रापेक्षा त्यामागील अभ्यासक्रम आणि मोजमाप निर्णायक ठरले.

मर्यादांचे भान

प्रत्येक चाचणी आभासी वास्तवाच्या बाजूने लागलेली नाही. युद्धाच्या आघातातून आलेल्या मानसिक तणावावर अमेरिकेत १६२ सैनिकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन आणि सहा महिन्यांनी पाहता, आभासी युद्धभूमीपेक्षा रुग्णाला प्रसंग मनात आणून सांगायला लावणारी जुनी, बिनयंत्राची पद्धत अधिक गुणकारी ठरली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी 'ईझव्हीआरएक्स' या संचाला मान्यता दिली. त्यासाठी आधारभूत ठरलेल्या १७९ रुग्णांच्या चाचणीत उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांनी वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले. तुलनेसाठीच्या गटातही हे प्रमाण ४१ टक्के होते. म्हणजे नुसत्या संचानेही काही जणांना बरे वाटते, आणि निव्वळ उपचाराचे श्रेय या दोन आकड्यांमधील फरकाइतकेच. सुमारे पाचव्या हिश्शाच्या रुग्णांना हेडसेटचा त्रास झाला, तर जवळपास दहा टक्क्यांना मळमळले.

आपल्याकडे या चर्चेला निमित्त आधीच मिळाले आहे. २०१९ पासून एमबीबीएससाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला आणि २०२० च्या नियमावलीने वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक केली. रुग्णावर हात चालवण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रतिकृतीवर सराव करावा, हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. हेडसेटच्या किमतीही २०१२ नंतरच्या दशकात स्मार्टफोनच्या पातळीवर उतरल्या. म्हणजे पैशाचा अडसर पूर्वीइतका उरलेला नाही. अडसर आहे तो मनुष्यबळाचा आणि वृत्तीचा. रुग्णालयांत विनावापर पडून राहिलेल्या यंत्रसामग्रीचे उल्लेख महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वारंवार येत असतात. फीत कापली, छायाचित्र छापून आले आणि यंत्र कपाटात गेले, ही कथा आभासी वास्तवाच्या बाबतीतही घडू शकते.

ती टाळायची तर खरेदीपूर्वीच काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील. निवासी डॉक्टरांच्या अखंड कर्तव्यतासांतून सरावाचा वेळ कोण काढून देणार? सरावाची किमान पातळी कोण ठरवणार, आणि ती न गाठणाऱ्याला शस्त्रक्रियागृहाबाहेर थांबवण्याचे धैर्य विभागप्रमुख दाखवणार का? जळीत कक्षातील अपुऱ्या परिचारिकांवर हेडसेट सांभाळण्याचा आणखी एक भार पडणार नाही, याची हमी कोण देणार? हे प्रश्न तंत्रज्ञानाचे नाहीत, प्रशासनाचे आहेत.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपणाऱ्या रुग्णाला आभासी वास्तव हा शब्दही ठाऊक नसतो. आपल्यावर हात चालवणाऱ्याचा हात तयार असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी होते की नाही, यावरच या तंत्रज्ञानाचे आणि ते विकत घेणाऱ्यांचे मूल्यमापन व्हायला हवे.