जांबुवंताचे काम

आज चैत्री पौर्णिमा. पहाटे पंचवटीपासून टाकळीपर्यंत मारुतीच्या देवळांतून जन्मोत्सव झाला असेल, सुंठवडा वाटला गेला असेल आणि समुद्रोड्डाणाची कथा घरोघरी नातवंडांनी आजीच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकली असेल. आमच्या वाचकांना ती नवी नाही. तरीही तिच्यातला एक प्रसंग, जो उड्डाणाच्या घाईत बहुधा गाळला जातो, आज आम्हांस मुद्दाम सांगावासा वाटतो.

सीतामाईचा शोध करीत वानरवीर दक्षिण समुद्राच्या काठी येऊन थांबले. समोर शंभर योजने पाणी. जो तो आपला आवाका सांगू लागला. गज म्हणाला, दहा योजने. गवाक्ष म्हणाला, वीस. वृद्ध जांबुवंत नव्वदापर्यंत आला. युवराज अंगदाला पैलतीर गाठणे शक्य होते, परतण्याची खात्री नव्हती. आणि ज्याला हे सारे सहजसाध्य, तो मारुती एका बाजूला मुकाट बसून होता. ऋषींच्या शापामुळे त्याला आपल्या बळाचा विसर पडला होता, असे कथा सांगते. जांबुवंत त्याच्यापाशी गेला, त्याचे जन्मवृत्त त्याला ऐकवले, आणि मग कुठे तो वाढू लागला. धैर्य एकट्याने कमवायची वस्तू असती, तर वाल्मीकींनी तो म्हातारा तेथे आणून बसवलाच नसता!

नाशिकला हे वेगळे सांगायला नको. येथल्या टाकळीस, नासर्डी आणि गोदावरीच्या संगमावर, समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले. पण ते तेथेच थांबले नाहीत. संगमाच्या पाण्यातून उठून ते देश हिंडले आणि पुढे कृष्णाकाठच्या मुलखात गावोगाव मारुती स्थापले. मारुती आला की त्याच्या मागे तालीम आली. गावातल्या भित्र्या पोरास ‘चल, मांडी ठोक’ म्हणणारा कोणीतरी तेथे असे. आमच्या मते तो जांबुवंतच.

आणखी एक मारुती आमच्या नदीत उभा आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला बाहेरगावचा यात्रेकरू केवळ नमस्कार करतो. नाशिककर त्याच्यावरून पूर मोजतो. पाणी गुडघ्याला लागले की काठचे दुकानदार माल हलवू लागतात, छातीला लागले की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्यांची झोप उडते. सप्टेंबर २००८ चा महापूर आणि ४ ऑगस्ट २०१९ चा पूर अनेकांच्या स्मरणात आहे. २०१९ च्या पुरात तर ही मूर्ती पूर्ण बुडाली होती. अशा रात्री दोर घेऊन गल्लीत उतरणारी, म्हातारी माणसे पाठीवर घेऊन बाहेर काढणारी, पाणी ओसरल्यावर परक्याच्या घरातला गाळ उपसणारी पोरे काही जन्मतः शूर नसतात. शेजारच्या घरातून हाक येते, म्हणून ती उठतात.

पण पुरात उडी घालण्याहून अवघड असे एक धैर्य आहे, आणि सणाच्या दिवशी ते टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. चारच दिवसांपूर्वी, कामदा एकादशीला, रामाचा आणि गरुडाचा रथ निघाला. दोर ओढणारे हात आपण पाहिले, रामरथाकडे तोंड करून उलट पावलांनी चालणारे मानकरी बुवा पाहिले. याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालवला. मागणी एवढीच होती, की रामाचे दर्शन आम्हांसही घडू द्या. दारे बंद झाली. त्या वर्षीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड आले. स्त्रियाही त्या लढ्यात होत्या. पाच वर्षे तो चालला, दार उघडले नाही. आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

त्या वेळी दाराच्या आत बलवान माणसे थोडी नव्हती. तालमीत कमावलेली शरीरे होती, पोथ्या तोंडपाठ असलेले विद्वान होते. शबरीची बोरे आणि गुहकाची मैत्री ही तर लहान मुलांनाही ठाऊक. उंबरठ्याच्या बाहेर निर्भयता होती. आत मात्र बळाचा विसर पडला होता, आणि त्याची आठवण देणाऱ्यांचा आवाज फार क्षीण ठरला. भक्तीचा एवढा मोठा वारसा हाती असून केवळ चार लोक काय म्हणतील या भीतीने आपण मुकाट बसलो. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, पण रामाच्या गावाने हे रामाच्याच उत्सवात आठवू नये तर कधी आठवावे?

उत्सवाच्या कीर्तनांत पूर्वरंग संपून आख्यानाला रंग चढेल. कीर्तनकार बुवांना आमची नम्र विनंती आहे. लंकादहन श्रोत्यांना आवडते, ते अवश्य रंगवावे. पण समुद्रकाठचा तो म्हातारा घाईने उरकू नये. आणि हे आख्यान नाशिकात लावताना १९३० सालही सांगावे.