लंकेतल्या विटा

लंकेत सोन्याच्या विटा, त्याचा आपल्याला काय उपयोग, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. अलीकडे मात्र मराठी माणूस टूरवाल्यांबरोबर लंका बघून येतो. नुवारा एलियाजवळची अशोकवाटिका, एल्लाचा रावण धबधबा, कँडीचं दंतमंदिर, आणि येताना चहा-दालचिनी. आमचे शेजारीही नुकतेच जाऊन आले. रस्ते किती स्वच्छ, माणसं किती शांत, हे सांगून झाल्यावर मी विचारलं, ‘‘तिथली सुईण दिसली का हो?’’ काकांनी चहाची पुडी माझ्या हातात ठेवली आणि विषय बदलला.

प्रश्न चेष्टेचा नव्हता. त्या बेटावर बघण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे, पण ती कुठल्याही सहलीच्या यादीत नसते. सिंहलीत तिला ‘विन्नंबु माता’ म्हणतात. ती परंपरेनं शिकलेली सुईण नव्हे. दीड वर्षाचं प्रशिक्षण घेतलेली, कायम नोकरीतली सरकारी आरोग्यसेविका आहे. साधारण तीन-चार हजार वस्ती तिच्या वाट्याला असते आणि राहायचंही तिथेच. कोणाचं नवीन लग्न झालं, कोणाला दिवस गेले, कोणाचं रक्त कमी आहे, याची नोंद तिच्या वहीत असते. बाळंतपण दवाखान्यात होतं, पण त्याआधी आणि त्यानंतर ती घरी येते. बाळाचं वजन, लसी, आईचं दूध हे सगळं तीच पाहते. ‘थ्रिपोषा’ नावाचा सरकारी पूरक आहार गरोदर बायकांना मिळतो. नावाचा अर्थ मराठी वाचकाला फोडून सांगायला नको.

या साध्या व्यवस्थेचं फळ आकड्यांत पाहा. १९३०च्या दशकात लंकेत लाख जन्मांमागे दोन हजारांहून जास्त बाळंतिणी दगावत. आज हा आकडा तिशीच्या आसपास आहे. भारतात १९५१ ते ६० या दशकात सरासरी आयुर्मान ४१ वर्षांच्या घरात होतं, तेव्हा दशक सरता सरता लंकेनं साठी गाठली होती. दोन्ही देश तेव्हा गरीब होते, दोन्हींनी इंग्रजांचा अंमल भोगला होता, दोन्हीकडे भात आणि मलेरिया होता. मग इतका फरक पडला कशानं?

पहिलं कारण सुईण. १९२६ साली कळुतर इथे पहिलं ‘आरोग्य एकक’ सुरू झालं. एक ठरावीक भाग, त्याचा एक वैद्यकीय अधिकारी आणि त्याच्या हाताखाली घरोघर फिरणारी माणसं, असा तो घाट. तोच पुढे बेटभर पसरला. पण माझ्या मते खरी गंमत दुसऱ्या कारणात आहे, आणि ते वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. १९३१ साली लंकेतल्या सर्व प्रौढांना, स्त्रियांनासुद्धा, मताचा अधिकार मिळाला. आपल्याकडे तो यायला स्वातंत्र्य आणि राज्यघटना यावी लागली.

पुढे तीनच वर्षांनी पाऊस रुसला. नैऋत्येच्या एरवी खळाळणाऱ्या नद्या आटल्या, पात्रात डबकी साचली आणि त्यांत डास माजले. ज्या भागाला मलेरियाची सवय नव्हती, तिथेच तो भडकला. १९३४-३५च्या त्या साथीत सुमारे ८० हजार माणसं गेली. डाव्या विचारांची तरुण मंडळी औषधं आणि डाळ घेऊन खेडोपाडी फिरली. त्यांतल्या एन. एम. परेरांना लोक ‘परिप्पु महात्तया’ म्हणू लागले. परिप्पु म्हणजे डाळ. थोडक्यात, ‘डाळवाले साहेब’. १९३६च्या निवडणुकीत याच डाळवाल्या साहेबांना लोकांनी निवडून दिलं. बाकीच्या पुढाऱ्यांनी यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. दवाखाना, शाळा आणि तांदूळ यांवर मतं मिळतात आणि जातातही, हे तिथल्या राजकारणाला स्वातंत्र्याआधीच कळलं. १९४५मध्ये शिक्षणमंत्री कन्नंगरांनी मोफत शिक्षण आणलं. मुली शिकल्या, आणि शिकलेल्या मुलींनी सुईणीला दारातून परत पाठवलं नाही.

तिसरं कारण, प्रत्येक मृत्यूचा जाब. लंकेत बाळंतीण दगावली की ती बातमी वर कळवावीच लागते. मग घरापासून दवाखान्यापर्यंतचा तिचा सगळा प्रवास तपासला जातो. उशीर घरी झाला, वाटेत झाला की रक्ताची पिशवी मिळेपर्यंत झाला? कोणाला फासावर चढवायचं हा हेतू नसतो. पुढची बाई त्याच जागी अडकू नये, एवढाच असतो.

हे सगळं वाचून लंका म्हणजे रामराज्य, असं कोणी समजू नये. १९६३ साली तिथे मलेरियाचे अवघे १७ रुग्ण उरले होते. जिंकलो म्हणून फवारणी आवरती घेतली, आणि १९६८-६९मध्ये रुग्ण पाच लाखांवर गेले. पुढे यादवी चालू असतानाही मलेरियाचं काम थांबू दिलं नाही, तेव्हा कुठे २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश मलेरियामुक्त ठरवला. ज्या चहाच्या मळ्यांसमोर आपले पर्यटक फोटो काढतात, तिथल्या तमिळ कामगारांची मुलं आजही बाकी देशाच्या मानानं खुरटलेली आहेत. २०२२मध्ये तिजोरी रिकामी झाली तेव्हा दवाखान्यांत औषधं मिळेनात, डॉक्टर परदेशी निघून गेले. आरोग्य एकदा कमावलं की ठेवीसारखं बँकेत पडून राहत नाही.

‘‘अहो, ते एवढंसं बेट, आपल्याशी त्याची तुलना कशी?’’ हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. पण सुईणीला देश सांभाळायचा नसतो, तीन हजार माणसं सांभाळायची असतात. आणि कागदावर आपल्याकडेही तेच आहे. सपाटीवर पाच हजार, आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि तिथे एक सिस्टर. शिवाय गावात आशाताई.

आपल्या पदरातही काही कमी नाही. महाराष्ट्रात २००४-०६मध्ये लाख जन्मांमागे १३० बाळंतिणी दगावत होत्या, २०१८-२०मध्ये ३३. म्हणजे आपण लंकेच्या शेजारी जाऊन बसलो. त्याच काळात केरळात हा आकडा १९ होता आणि आसामात १९५. देशाची सीमा नकाशावर ठळक दिसते, आरोग्याची रेघ मात्र भलतीकडूनच जाते. केरळ लंकेच्या जवळ आणि आसाम कित्येक कोस दूर.

आता बाळांचा आकडा घ्या. हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं २०२०मध्ये महाराष्ट्रात १६ होती, केरळात ६. लंका केरळाच्याच आसपास. आयांच्या बाबतीत बरोबरी आणि बाळांच्या बाबतीत दुपटीहून जास्त फरक, असं का? मला त्यात एक अर्थ दिसतो. बाळंतपण दवाखान्यात नेण्याचं काम आपण केलं, १०८ची गाडी आली, त्यानं आई वाचली. पण बाळाला पहिलं वर्ष काढायला आईचं पोट भरलेलं लागतं आणि घरी येऊन बघणारं कोणीतरी लागतं. तिथे आपण कमी पडतो. आणि सरासरीच्या त्या ३३मध्ये नंदुरबारच्या पाड्यावरून झोळीत घालून आणलेली बाई दिसतच नाही.

घरी जाण्याचं महत्त्व आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला गावातल्याच बायकांच्या हाती आरोग्य सोपवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्यांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’नं ते जगापुढे ठेवलं. आज देशभरची आशाताई बाळ बघायला घरी जाते, ती याच वाटेनं. पण लंकेची सुईण पगारावर आहे आणि आपली आशाताई मानधनावर. इतक्या भेटी, इतके रुपये. शिवाय मोबाइलमध्ये भरायची माहिती वेगळीच. तिला वर्षाआड आझाद मैदानात येऊन बसावं लागतं, आणि आपण ‘रस्ते अडवले’ म्हणून कुरकुरतो.

दर जिल्ह्याला एक वैद्यकीय महाविद्यालय, ही घोषणा आपल्याला आवडते. इमारत दिसते, कोनशिला बसवता येते. सुईणीची कोनशिला कशी बसवणार? लंकेनं मोठी रुग्णालयं बांधली नाहीत असं नाही, पण आधी दारातलं माणूस नेमलं आणि त्याच्या पाठीमागे रुग्णालय उभं केलं. क्रम महत्त्वाचा आहे.

तेव्हा त्या विटा सोन्याच्या नाहीत. मातीच्याच आहेत आणि जामखेडच्या मातीतही पडतात. जिल्हा परिषदेचं मत मागायला कोणी दारात आलं, की त्याला आपल्या उपकेंद्राची सिस्टर राहते कुठे, आणि आशाताईचं मानधन कुठल्या महिन्यापर्यंत आलंय, हे दोन प्रश्न विचारा. आमच्या शेजाऱ्यांनाही मी हेच सांगितलं. काका म्हणाले, ‘‘उपकेंद्र कुठे आहे, ते आधी शोधावं लागेल.’’